दहा दिव्यांचा डबा

गॅरेजवाल्याला सगळे 'नाकवाले' म्हणत. गाडी चालू करून तो सायलेन्सरमागे उभा राही, एक श्वास घेई आणि सांगे, "पेट्रोल जास्त पितेय." मग एका तापात त्याला वास येणं बंद झालं ते झालंच. त्याने बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. नाकावरच तर घर चाललं होतं, सांगणार कोणत्या तोंडाने?

नाकाची भरपाई म्हणून तो डबा बनवू लागला. धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे गाडीतला सेन्सर ओळखतो; त्याच्या तारेतलं बारीक व्होल्टेज दहा दिव्यांच्या रांगेत दिसलं की झालं. पेट्रोल कमी असेल तर डावीकडचे दिवे, जास्त असेल तर उजवीकडचे. कामाने आंबलेलं अंग खुर्चीत टाकून तो बिस्किटांच्या डब्याला भोकं पाडी. दमून दिवे उलटे जोडी आणि स्वतःलाच शिव्या हासडत पुन्हा काढी.

पहिली गाडी मेव्हण्याची. तार नुसती पिळून जोडली, इंजिन तापवलं. मेव्हणा काचा लावून आत डब्याकडे बघत बसला. "भाऊजी, सगळे उजवीकडे!" तो ओरडला. डबा चालतोय म्हणून नाकवाला खूश झाला. इंजिन बंद करून, तारेला पक्का टाका मारायला तापलेली सोल्डर गन घेऊन बॉनेटखाली वाकला.

"अहो, थांबा!" चहा घेऊन आलेल्या बायकोने कप तिथेच टाकले आणि भिंतीतली पिन उपटली. "गन बाहेर घ्या आधी! पेट्रोलचा केवढा वास येतोय!"

पाइपाच्या जोडातून पेट्रोल ठिबकत होतं. मेव्हणा धावत उतरला. "भाऊजी, तुमच्या नाकाला कळलं नाही?"

"सर्दी झालीय त्यांना," बायको म्हणाली.

मेव्हणा गेल्यावर तो मटकन स्टुलावर बसला.

"परवा दूध करपलं," ती म्हणाली, "आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत होतात. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. चुकलंच माझं."

त्याला रडू आलं. लपवून लपवून आपण किती थकलोय, हे त्याला आत्ता कळत होतं.

सकाळी तो डबा घेऊन दिवसाच्या पहिल्या गाडीपाशी गेला, तर बायको आधीच उघड्या बॉनेटखाली वाकली होती.

"पेट्रोलचा वास नाही," ती म्हणाली. "लावा तुमचा डबा."