बंबातली गोदावरी

बॉयलर पेटायचा, दोन मिनिटं चालायचा आणि खट्कन बंद पडायचा. सकाळपासून ही चौथी वेळ. माझ्या पाठीमागे नव्या जिल्ह्याचे साहेब फॉर्म घेऊन उभे होते. फॉर्मवर दोनच रकाने होते: चालू आणि कंडम.

त्या दसऱ्याला तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. टेबलं, जीपा, फायली, सगळ्यांची वाटणी निघाली. मी आरोग्य खात्याच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आमच्याकडे एक मोटरहोम होती, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली बस. कमल सिस्टर ती घेऊन बेज्जूरकडच्या जंगलातल्या गावांना जायच्या, आठ-आठ दिवस तिथेच मुक्काम करायच्या आणि अडलेल्या बायांची बाळंतपणं गाडीतच करायच्या. बेज्जूर आता आसिफाबाद जिल्ह्यात गेलं, म्हणून गाडीही तिकडे जाणार होती. चालू असली तर.

आमच्याकडे थंडी कडाक्याची. त्यासाठी गाडीत गरम पाण्याची हीटिंग सिस्टिम होती. सगळे तिला बंब म्हणत. डिझेलचा छोटा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते भिंतीलगतच्या पाइपांतून फिरवतो आणि गाडीत ऊब राहते. आंघोळीची टाकीही त्यावरच तापते. मात्र पाइपांत फिरतं ते निव्वळ पाणी नसतं. त्यात निम्मं कूलंट असतं, हिरवं, गंज धरू नये म्हणून. ते मिश्रण दर दोन वर्षांनी बदलावं लागतं.

साहेबांनी स्पष्ट सांगितलं की बंब नसलेली गाडी ते थंडीत जंगलात नेणार नाहीत. दुसरी मिळेपर्यंत कॅम्प बंद. दुसरी गाडी कधी मिळते हे वर्कशॉपात मला चांगलं माहीत होतं. सिस्टर पायरीवर बसल्या होत्या. त्या एवढंच बोलल्या, "भाऊ, मागल्या पुसाच्या थंडीत याच गाडीत सात लेकरं झाली."

मी जेवणाच्या सुट्टीपर्यंतचा वेळ मागून घेतला.

बॉयलर शहाणा असतो. आतलं पाणी फिरत नसेल तर तो फार तापतो आणि स्वतःच बंद होतो. म्हणजे दोष त्याचा नव्हता, पाणी कुठेतरी अडलं होतं. मी खालचा कॉक उघडला. चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि मागोमाग बारीक गाळ. हिरवा रंग नावालाही नाही. मी गणपतमामांकडे पाहिलं. मामा या गाडीचे पहिल्यापासूनचे ड्रायव्हर. ते टायरकडे बघत होते.

"मामा, काय भरलं यात?"

"पाणी."

"कुठलं?"

"बासरचं." मग म्हणाले, "चार जिल्हे झाले, गोदामाय निर्मलकडं गेली. आपल्याकडं रायली नाई. दसऱ्याला गाडीची पूजा केली, तवा आणून भरलं."

"अन् आतलं काऊन काढलं?"

"तुमीच लिवलं ना, मिस्त्री, पाणी बदला म्हून. ते तर हिरवं, सडेल दिसून राह्यलं होतं."

मी रजिस्टर काढलं. लिहिलेलं होतं: 'दसऱ्यापर्यंत बंबाचे पाणी बदलणे.' अक्षर माझं, सही माझी. मला मामांचा भयंकर राग आला होता, तो पान उघडेपर्यंत टिकला.

पंप खोलला. चाकात गाळ घट्ट बसला होता. तो धुतला, पाइपांतून तीनदा स्वच्छ पाणी फिरवून काढून टाकलं आणि कूलंटचं मिश्रण भरलं. कूलंट आमच्या जिल्ह्याच्या वाटणीतलं होतं, ते कोणाला विचारलं नाही. मग हवा काढली. पाइपात हवा अडकली की पाणी पुढे सरकत नाही. एकेक स्क्रू सैल करायचा, फुस्स होऊ द्यायचं, पाणी दिसलं की आवळायचा. कंटाळवाणं काम आहे.

बॉयलर पेटवला. दोन मिनिटं झाली, पाच झाली, पंधरा झाली. सिस्टरांनी आतल्या पाइपावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

साहेबांनी 'चालू'वर खूण केली. खाली आणखी एक ओळ होती: बिघाडाचे कारण व जबाबदार व्यक्ती.

"किसने भरा ये पानी?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यांच्या रिटायरमेंटला तीन महिने उरले होते. मी फॉर्म घेतला आणि लिहिलं: 'लेखी सूचनेनुसार पाणी बदलण्यात आले. सूचना देणारा, खाली सही करणारा.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "इसमें तो आप खुद फँस गए."

"जी. लेकिन लिखा सही है."

महिन्याभरात मला मेमो आला. मी उत्तर दिलं. मग ती फाइलच वाटणीत निघाली. चारपैकी कुठल्या जिल्ह्यात गेली ते कोणालाच माहीत नाही, मी चौकशीही केलेली नाही. पुसात सिस्टरांचा बेज्जूरहून फोन आला. बंब उत्तम चालू होता आणि त्या दिवशी गाडीत एका बाईला मुलगी झाली होती.

यातून मी एक शिकलो. कूलंटला कूलंटच लिहावं. पाणी लिहिलं की माणूस पाणीच भरतो, आणि त्यातल्या त्यात चांगलं बघून भरतो.

ते काढलेलं पाणी फेकता येईना. त्यात जुन्या कूलंटचा अंश होता आणि ते विषारी असतं, गटारीवर जनावरं तोंड लावतात. म्हणून एका कॅनमध्ये भरून कपाटामागे ठेवलं. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेली गोदावरी तेवढीच. निवृत्तीच्या दिवशी मामा तिला हात जोडून गेले. कॅनवर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: गोदावरी. बंबात भरू नये.