मालकाची खुर्ची

मी मुख्याध्यापक. शाळेची बॅनरं दारव्ह्याच्या एका छोट्या जाहिरात एजन्सीतून करून घेतो. तिथं खुर्चीवर बसून गोड बोलणारा माणूसच मालक, असं मी धरून चाललो होतो. मागे जमिनीवर एकजण फ्लेक्स कापत बसायचा. नमस्कार केला तरी नुसता हुंकार द्यायचा.

परवा बॅनर आखूड निघालं. गेलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. मी तावातावानं "मालक कुठायत?" विचारलं, तर हा मागचा "मीच" म्हणत उठला. बॅनर पाहिलं, नवं कापायला घेतलं.

"मग खुर्चीवर तो कसा?"

"मी बोललो का गिऱ्हाईक पयते, सर. तो बोलला का बसते. अन् त्याले कापाले देलं, तं रेघ वाकडी जाते."

शाळेत परतलो. माझ्या दालनाबाहेर पालक नेहमीसारखे शिपायालाच सगळं सांगत होते. मला पाहून गप्प झाले.