साडूंचा चेंबर नट

बाजारातल्या प्रत्येक वस्तूने आधी स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध केले पाहिजे आणि मगच घरात पाऊल टाकावे, या तत्त्वावर उभे आयुष्य काढलेला माझ्या पाहण्यातला एकमेव मनुष्य म्हणजे माझे साडू. भरताचे वांगे घेताना ते दोन्ही हातांत दोन वांगी तोलतात, मग हात बदलून पुन्हा तोलतात. छत्री घेताना त्यांनी दुकानातच ती उघडली आणि दुकानदाराला वरून तांब्याभर पाणी ओतायला लावले. त्या भल्या माणसाने ओतलेही. त्यावर साडू शांतपणे म्हणाले, "आता वाऱ्यासारखं, तिरपं ओता." चपला घेतल्या तर पिंप्राळ्याच्या रिक्षा थांब्यापर्यंत चालून परत येतात, आणि तेवढा वेळ मला दुकानात तारण ठेवतात. वयाने ते मोठे, त्यांना सगळे नाना म्हणतात. म्हणून मी काही बोलत नाही. पण माझ्या पायांनी, गुडघ्यांनी आणि रक्तदाबाने त्यांच्याविषयी पुष्कळ काही सांगितले असते.

यंदा त्यांच्या जुन्या मोटारीचा चेंबर नट बदलायचा होता. इंजिनाच्या तळाशी तेलाचे जे भांडे असते त्याला आपल्याकडे चेंबर म्हणतात, आणि जुने तेल काढून टाकण्यासाठी त्याच्या बुडाला जो नट असतो तो चेंबर नट. वस्तू अंगठ्याएवढी, पण तिचे आटे झिजले की थेंब थेंब करत इंजिन कोरडे पडते. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तसेच झाले होते. साडूंच्या थोरल्या बहीण, अक्का, धुळ्याला असतात. आखाजीला बहिणीला माहेरी आणायला भावाने स्वतः जायचे, हा आमच्या खान्देशातला रिवाज, आणि अक्कांचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत. त्या दिवशी धुळे ते पारोळा या टप्प्यात साडू तीनदा तेल ओतायला उतरले, आणि भर उन्हात अक्का बाभळीच्या विरळ सावलीत पदराने वारा घेत बसल्या. घरी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, पुढला साल माले लेवाले येऊ नको. मनापायी तुनी फजिती व्हस." साडूंना ते फार लागले. यंदा गाडीखाली एक थेंबही पडणार नाही, असे त्यांनी अक्कांना फोनवर सांगून टाकले. त्यावर अक्का एवढेच म्हणाल्या, "दखू." म्हणजे बघू.

आखाजीला तीन आठवडे असताना शोध सुरू झाला. साडूंनी तेल डब्यात काढले, चेंबरच्या भोकाला कापड गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकली आणि जुना नट नमुना म्हणून रुमालात बांधला. नट निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात : जाडी, दोन आट्यांमधले अंतर आणि लांबी. हे मी त्यांना समजावून सांगितले, ही माझी पहिली चूक. त्यांनी कुणाकडून तरी जाडी मापायचा व्हर्नियर मागून आणला. आमच्या जळगावातल्या पहिल्याच दुकानदाराने नमुना पाहून तसाच नट काढून दिला. साडूंनी मापला आणि परत केला. "केसभर जाड आहे." दुसऱ्या दुकानातला केसभर जाड, तिसऱ्यातलाही. दुकानदार म्हणाला, "नाना, गाडीला लावून तर बघा!" साडू म्हणाले, "लावल्यावर कळणार असेल तर माप कशाला?" सगळी मापे मी वहीत उतरवून त्यांचा व्यवस्थित तक्ता करत होतो, ही माझी दुसरी चूक. अमळनेरला गेलो. तिथे चहा चांगला मिळाला. नट केसभर जाड. धुळ्याच्या भंगार बाजारात दुपारी बाराच्या उन्हात त्यांनी बावीस नट मापले आणि मी बाविसांची नोंद केली. मी वैतागून म्हणालो, "नाना, रबरी बूच लावा आणि मोकळे व्हा." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी अक्कांनाच वाटेत उतरवून द्यायला सांगत होतो.

शेवटी आखाजीला तीन दिवस उरले असताना आम्ही रेल्वेने नरडाण्याला गेलो. नट नव्यानेच कातून घ्यायचा, असे ठरले होते. लेथवरच्या कारागिराने आधी रुमालातला नट पाहिला, मग माझा तक्ता, मग आमचे चेहरे.

"नाना, हाऊ नट झिजेल शे ना?"

"झिजला म्हणून तर बदलायचा आहे."

"मंग झिजेल नटना मापना नवा नट कोन बनाडी? नवा नट घसीसन जुना करी देऊ का?"

लेथभोवतीची माणसे मनमोकळी हसली. मी वही मिटली. धुळ्याचे बावीस अधिक जळगाव-अमळनेरचे नऊ, असे एकतीस निर्दोष नट आम्ही नापास केले होते, आणि माप चुकले होते ते परीक्षकाचेच. परतीच्या गाडीत साडूंनी जुना नट पुन्हा रुमालात बांधला. मग म्हणाले, "भाऊ, जळगावच्या त्या पहिल्या माणसाची माफी मागावी लागेल." दुसऱ्या दिवशी मागितलीही. त्याने तोच नट पुढे ठेवला. साडूंनी सवयीने खिशातला व्हर्नियर काढला, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खिशात ठेवला. मेकॅनिकने भोकाचे आटे साफ केले, नवा तांब्याचा वायसर घातला आणि पाच मिनिटांत नट बसवला.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही अक्कांना आणायला गेलो. येताना पारोळ्याला साडूंनी गाडी थांबवली आणि पांढऱ्या सदऱ्यासकट रस्त्यावर आडवे होऊन खाली पाहिले. चेंबर कोरडा होता. "अक्का, दख," ते खालूनच म्हणाले. पण अक्का मागच्या सीटवर मान टेकून गाढ झोपल्या होत्या. साडू उठले, सदरा न झटकता आत बसले आणि दार आवाज न करता ओढून घेतले. पुढचा सगळा रस्ता त्यांनी गाडी इतकी हळू चालवली की बैलगाडीवाल्यानेही वळून पाहिले. एरवी मी काहीतरी बोललो असतो. माझी थोरली बहीण भुसावळला असते, अर्ध्या तासाच्या वाटेवर. दर आखाजीला मी तिला फोन करतो आणि सांगतो, "ये गं, बस सोयीची आहे." ती येते, आणि पिशवी खाली ठेवता ठेवता बस खरेच सोयीची होती, असे सांगते.