नऊ नंबरच्या घरातला ग्राहक

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी अकरावीला नाव घातलं तेव्हा त्यांचं वय एकेचाळीस होतं. पहिल्या दिवशी त्यांना दारातून येताना पाहून सगळा वर्ग उभा राहिला होता. नव्या मॅडम आल्या असं पोरींना वाटलं. बाई मुकाट्यानं शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या मावशी झाल्या.

शिकायची हौस होती असं नव्हे. डोळ्यांनी दगा दिला होता. सुईत दोरा ओवायचा तर तीन-तीनदा टोक ओलं करावं लागे. चष्म्याचे चार नंबर बदलून झाले, एकही बसला नाही. मावशींच्या गल्लीच्या तोंडाशी विम्याचं कार्यालय होतं आणि तिथल्या साहेबांचे सदरे मावशीच शिवत. साहेब म्हणाले होते, "काउंटरवर एक जागा निघणार आहे. वित्तीय सेवा हा विषय घेऊन बारावी व्हा आणि या. छापील अक्षर वाचता येतंय तोवर मी तुम्हाला नाही म्हणणार नाही." मावशींना मागं-पुढं कोणी नव्हतं. हात थांबले की सगळंच थांबणार होतं. म्हणून सकाळी वर्ग आणि दुपारी मशीन.

विषय शिकवणारे सर बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची एक पद्धत होती. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीनं मनानंच एक ग्राहक उभा करायचा आणि मग दोन वर्षं प्रात्यक्षिकाच्या वहीत सगळे फॉर्म त्याच्याच नावानं भरायचे. खातं उघडण्याचा, विम्याच्या प्रस्तावाचा, नॉमिनी नेमण्याचा. सर त्याला कागदी माणूस म्हणत.

"कसाही बनवा," सर म्हणाले, "पण फॉर्मला संशय येता कामा नये."

पोरींनी मनाला येईल ते केलं. एकीनं विमान चालवणारा केला, एकीनं पहिलवान. मावशींना तसं जमेना. वीस वर्षं माणसांची मापं घेतलेली बाई; तिच्या डोळ्यांसमोर माणूस आला तो मापासकटच आला. छाती अडतीस. डावा खांदा उजव्याहून अर्धा इंच खाली. ओळखीची खूण, डाव्या कानाखाली पांढरा व्रण. धंदा, चष्म्याच्या काचा घासण्याचा. कुटुंबात कोणी नाही. पत्ता म्हणून त्यांनी आपलीच गल्ली लिहिली आणि घर नंबर नऊ. गल्लीतली घरं आठावर संपत होती, पुढं भिंत होती. नमुना सही त्यांनी डाव्या हातानं केली, म्हणजे आपल्या अक्षराशी जुळायला नको.

नॉमिनीच्या रकान्याशी मात्र त्या अडल्या. बाकीच्यांनी बायका-मुलं कल्पून लिहिली होती. मावशींना कंटाळा आला होता, त्यांनी सरळ स्वतःचं नाव लिहून टाकलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं, ओळखीची. सरांनी न बघताच लाल खूण केली.

दोन वर्षं अशी सरली. बारावीच्या प्रात्यक्षिकाला तीन दिवस उरले तेव्हा सरांनी शेवटचा फॉर्म वाटला. मृत्यूच्या दाव्याचा.

"पॉलिसी उघडलीत तशी ती संपवायलाही यायला हवी," सर म्हणाले. "मृत्यूची तारीख प्रात्यक्षिकाच्या आधीची टाका. हा फॉर्म नसेल तर वहीवर माझी सही नाही, आणि सही नसेल तर गुरुवारी परीक्षक दारातूनच परत पाठवतील."

"माझा पायलट विमानासकट घालवते," पुढच्या बाकावरची म्हणाली. "मावशी, तुमच्याचं काय करणार?"

"बघू," मावशी म्हणाल्या, आणि पेन्सिलीनं बारीक अक्षरात तारीख टाकून ठेवली. बुधवारची.

त्याच दिवशी दुपारी त्या मशीनवर बसल्या असताना दारात उजेड अडला. एक माणूस हातावर कोट टाकून उभा होता.

"डावा खांदा उतरतो," तो म्हणाला. "अर्धा इंच."

मावशींनी टेप घेतला. छाती अडतीस भरली. खांद्यावर टेप ठेवताना त्यांची नजर कानाखाली गेली. तिथं पांढरा व्रण होता, भाताच्या शिताएवढा. मावशींनी टेप गुंडाळला. मग कोटाचं अस्तर उलटलं. आतल्या शिलाईच्या शेवटी दुहेरी गाठ होती, दोरा मागं वळवून मारलेली. ती गाठ मावशींच्या आईनं त्यांना शिकवली होती आणि त्यांनी ती कुणालाच शिकवली नव्हती.

"हा कोट कुणी शिवला?"

"पहिल्यापासूनच आहे माझ्याकडे."

"काम काय करता?"

"काचा घासतो. चष्म्याच्या."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही." तो जरा हसला. "फॉर्मात लिहायला एक नाव आहे, तेवढंच. बुधवारी येतो."

तो गेला. मावशी दारापर्यंत गेल्या. गल्ली दोन्हीकडे रिकामी होती आणि भिंत जिथल्या तिथं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग सुटल्यावर त्या सरांच्या टेबलाशी गेल्या. "सर, माणूस मारल्याशिवाय पॉलिसी संपवता येत नाही का?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "येते की. सरेंडर म्हणतात. माणूस आपल्या मर्जीनं पॉलिसी परत देतो. मग नॉमिनी वगैरेही सगळं संपलं. पण ताई, त्याच्यावर ग्राहकाची सही लागते, नमुन्याशी जुळणारी. नाही जुळली तर शून्य. मेलेल्याला सही करावी लागत नाही, म्हणून तर पोरी मारून मोकळ्या होतात."

त्या दिवशी मावशींनी जुन्या कागदावर डाव्या हातानं चाळीस वेळा सही करून पाहिली. एकही जुळली नाही. दाव्याचा फॉर्म बाजूलाच पडला होता आणि त्याच्यावर सही करायची होती ती नॉमिनीनं, म्हणजे त्यांची स्वतःची. किती सोपं होतं. बुधवार पेन्सिलीनं लिहिलेलाच होता, वरून शाई फिरवायची बाकी होती. मावशींनी पेन उचललं. मग खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं, पेन ठेवलं आणि खोडरबर घेतलं.

बुधवारी तो आला. कोट अंगावर नीट बसला. मावशींनी सरेंडरचा फॉर्म त्याच्यापुढं सरकवला.

"इथं एक सही लागेल."

त्यानं काय आहे म्हणून विचारलं नाही. डाव्या हातात पेन धरलं आणि सही केली. मावशींनी वही उघडून पाहिली. वेलांटीचं शेपूटसुद्धा तसंच.

"आता माझंही एक काम करा," तो म्हणाला. कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. तोच, सरेंडरचा फॉर्म होता. वर मावशींचं नाव होतं, वय दोन वर्षांपूर्वीचं, एकेचाळीस, ओळखीची खूण, उजव्या तर्जनीला सुईचे व्रण. "मलाही उद्याच द्यायचाय. तुमचीही तारीख टाकली होती मी. मग परवा तुम्ही माप घेतलंत, आणि हात होईना."

मशीनचं चाक आपोआप अर्धा फेरा फिरून थांबलं. मावशींनी सही केली. कागदावर कुठं पाहायचं नाही असं ठरवूनही त्यांना घडीच्या आत दुसरा कागद दिसला, मृत्यूच्या दाव्याचा. त्याच्यावर पेन्सिलीचा खोडलेला डाग होता.

"कोटाचे पैसे राहिले," त्या म्हणाल्या.

त्यानं मशीनवर एक चष्मा ठेवला. "नंबर तुमचाच आहे. पहिल्या दिवशीच लिहिला होता मी."

गुरुवारी सरांनी दोन्ही सह्या भिंग लावून पाहिल्या आणि वहीवर आपली केली. परीक्षकांनीही पैकीच्या पैकी गुण दिले. उन्हाळा संपायच्या आत मावशी काउंटरवर बसल्या. नोकरीचा फॉर्म भरताना नॉमिनीचा रकाना आला, तेव्हा त्यांनी काचा घासणाऱ्याचं नाव सांगितलं.

"घर नंबर नऊ?" कारकून म्हणाला. "मावशी, तुमच्या गल्लीत तर आठच घरं आहेत."

"लिहा तुम्ही."

"आणि नातं?"

"ओळखीचे."

त्या चष्म्यातून मावशींना आजही पॉलिसीच्या पाठीमागची बारीकात बारीक ओळ वाचता येते. काम चोख, बोलणं गोड. रांगेतले लोक त्यांच्याच खिडकीशी येतात. फक्त मृत्यूच्या दाव्याचा फॉर्म हाती आला की त्या बाकी काही वाचायच्या आधी मयताचं नाव वाचतात. आपलं नाही एवढं पाहून घेतात, आणि मग शिक्का मारतात.