आरपीएमचा काटा

जासईच्या रस्त्यालगत बळीराम घरत तीस वर्षं ट्रेलरची वायरिंग करतोय. हात सोन्याचा, पण जिभेला हाड नाही. खोटं ऐकलं की त्याचं डोकं सटकतं.

एका सकाळी जवळच्या कंटेनर यार्डाचा सुपरवायझर देवेश ट्रेलर घेऊन आला. सोबत ड्रायव्हर हरेश, मान खाली घालून. चालत्या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडायचा. दोन सेन्सर बदलून झाले, तिसऱ्यालाही तेच.

"हाच वायर काढतो," देवेश म्हणाला. "इंजिन ताणतो आणि पकडला जाऊ नये म्हणून काटा बंद पाडतो. वायर मुद्दाम काढलीय एवढं लिहून द्या, आजच घरी बसवतो त्याला."

"तपासायच्या आदी लिवून देऊ? मी काय तुजा कारकून हाय?"

बळीरामने सेन्सर काढून मीटर लावला. सेन्सर ठणठणीत. मग त्याने इंजिन चालू करायला लावलं, गाडीखाली शिरला आणि वायरींचा जुडगा वीत वीत हलवत निघाला.

"काटा पडला!" केबिनमधून हरेश ओरडला.

गिअरबॉक्सपाशी एका पत्र्याच्या क्लॅम्पखाली वायर सोलवटली होती. गाडी हादरली की उघडी तार लोखंडाला टेकायची. क्लॅम्प कोराकरकरीत.

"हा कोनी बसवला?"

"क्लचचं काम झालं तेव्हा," हरेश हळूच म्हणाला. "यार्डाच्याच वर्कशॉपात."

देवेशने मोबाईलमध्ये डोकं घातलं. "बरं, सापडलं ना? टेप मारा, उशीर होतोय."

"आदी त्याची माफी माग."

"ड्रायव्हरची?" देवेश हसला.

बळीरामचं रक्त उसळलं. "लिवून पायजे व्हतं ना तुला? घे!" त्याने कागदावर दोष लिहिला, क्लॅम्प कोणाचा तेही लिहिलं, आणि फोटोसकट थेट यार्डाच्या मालकाला पाठवून दिलं.

"दादा, जाऊ द्या ना," हरेश कुजबुजला.

"तुमी असं जाऊ देता, म्हनून हे डोक्यावर बसतान!" तो हरेशवरही खेकसला.

मग दात-ओठ खातच त्याने नवी तार जोडली, वर नळी चढवली, रबराचा क्लॅम्प आवळला. इंजिन चालू करून वायर हलवून पाहिली, काटा पडला नाही.

हरेशची नोकरी वाचली. पण आठवड्याभरात देवेशने त्याला जादा भत्त्याच्या लांबच्या फेऱ्यांवरून काढून यार्डातच कंटेनर इकडून तिकडे न्यायला लावलं. हे कानावर आलं तेव्हा बळीराम हातातलं काम तसंच टाकून उठला आणि तेलकट हातांनीच मालकाच्या ऑफिसकडे तरातरा चालू लागला.