शेवंतीच्या उताराची गाडी

लोक रिटायर झाल्यावर गुडघ्याचा पट्टा घेतात. लालबागच्या चाळीतल्या कुशाबाने जुनी कॅरॅव्हॅन घेतली, म्हणजे जीपमागे ओढायची, आत पलंग आणि ओटा असलेली गाडी. गणपतीला गावी तिच्यातूनच जायचं होतं. पण बायकोची, शेवंतीची अट होती की आधी अंगणातच दुपारची झोप घेऊन बघणार. झोप लागली तरच येणार.

कुशाबाने रे रोडच्या वखारीतून लाकडी ठोकळे आणून चाकांखाली सारले. आत गवंड्याची पाणसळ ठेवून बुडबुडा बरोबर मधोमध आणला. एवढी सपाट जागा चाळीत कुणी पाहिली नव्हती.

जेवताना शेवंतीने सवयीने ताटात खिडकीच्या बाजूला भाताचा बांध घातला. वर त्यांच्या खोलीची लादी कललेली, तिथे वरण जन्मभर तिकडेच पळत आलेलं. इथे ते जागचं हललं नाही.

"ह्यां कायतरी वाकडां आसा," ती म्हणाली.

"अगो, बुडबुडो बघ."

"बुडबुड्याक काय कळता? तो खंय आमच्या खोलीत रवलो?"

आडवी झाली, पण डोळा लागेना. गणपती हातचा जाणार, हे कुशाबाला दिसलं. तो पाणसळ घेऊन वर खोलीत गेला, लादीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. तिथे काचेवर खूण करून तो खाली आला आणि बुडबुडा त्या खुणेवर येईपर्यंत एका बाजूचे ठोकळे वाढवत राहिला. ओट्यावरचा टोप घरंगळला, तेव्हा शेवंती घोरत होती.

आता गावच्या वाटेवर सपाट जागा मिळाली, की कुशाबा आधी ठोकळे बाहेर काढतो आणि ती बिघडवतो.