ड्रॉवरमधलं हसरं डोकं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा तिखटमीठ लावून सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. सांगून मोकळं वाटेल असंही नाही.

मी सीवूड्सला राहते आणि पॉलिमर क्लेच्या बाहुल्या करते. खऱ्या माणसांच्याच, पण अर्कचित्रासारख्या — डोकं मोठं, अंग एवढंसं, नाक आहे त्याहून लांब. लोक फोटो पाठवतात, मी क्ले मळते, चेहरा घडवते, छोट्या ओव्हनमध्ये भाजते. वाढदिवस, साखरपुडे, निरोप समारंभ. या धंद्यातली एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगत नाही — लोक चेहरा ओळखतच नाहीत. चष्मा ओळखतात, टक्कल ओळखतात, पोट ओळखतात. चेहरा त्यांचा ते भरून घेतात.

करावे गावातल्या मावशी माझ्या नेहमीच्या मासेवाल्या. त्यांच्या मुलानं नवं घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला शोकेसमध्ये त्यांना त्यांचे मालक हवे होते. मालक म्हणजे नवरा, घरोघरी मोबाइल येण्याआधीच गेलेला. होडीत बसलेला हवा, हातात पापलेट हवं आणि — हसरा हवा. फोटो एकच, ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात तो असा बघतो, जणू फोटोवाल्यानंच त्याची जाळी पळवलीत.

मी प्रयत्न केला. खरंच केला. पण न हसणाऱ्या माणसाला हसवायचं कसं? ओठ ताणले की रडवेला दिसे, गाल फुगवले की दाढ दुखत असल्यासारखा. मावशींना जाऊन सांगायचं होतं — नाही जमत हो. एवढंच. का नाही सांगितलं? वेळ होता. त्यांनी घाईही केली नव्हती. पण माझ्या बाहुल्या बोलतात, असं सगळे म्हणतात ना — मला ते ऐकायची चटक लागली होती.

ड्रॉवरमध्ये एक डोकं पडून होतं. बेलापूरच्या एका ऑफिसातल्या साहेबांचं. निरोपाची भेट म्हणून केलेलं, पण हनुवटी फारच जाड झाली, साहेब चिडतील म्हणून ऑफिसवाल्यांनी नाकारलेलं. साहेब मात्र काय मनमोकळं हसत होते! मी त्यांना मिशी चिकटवली, रंग सावळा केला, लाल टोपी घातली, पुन्हा भाजलं आणि होडीत बसवलं. तेव्हा मला गंमत वाटली. हो, गंमतच वाटली.

मावशींनी बाहुली हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली. डोळे पुसत म्हणाल्या, "त्याचे डाव्या गालाला खली परायची. फोटोन तं नाय ती. तुला कशी समजली गो?"

खळी साहेबांची होती. मी म्हणाले, "अंदाजानं."

त्यांच्या नवऱ्याला खरंच खळी होती? की बाहुलीत दिसली आणि तेव्हापासून होती? मला आजही कळत नाही. असेल, तर मी फसवलं की नाही? आणि नसेल, तर — ? जुना फोटो त्यांनी भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. त्यात तो उगाच रागावलेला दिसतो, म्हणतात. बाहुलीला रोज फूल वाहतात. मला वाटा मोठा घालतात, नको म्हटलं तर चिडतात. ते मासे मी घरी आणते, तळते आणि खाते.

मागच्या रविवारी बाजारात माझ्यापुढे एक गृहस्थ पाठमोरे उभे होते. मासे ताजे आहेत की नाहीत, यावरून हुज्जत चालली होती. मावशी काहीतरी खवचट बोलल्या आणि ते मान वळवून हसले. ती हनुवटी, ते गाल, ती खळी — माझ्या बोटांना सगळं पाठ होतं. मावशींचा कोयता थांबला. त्या बघतच राहिल्या. मग त्यांनी साहेबांच्या पिशवीत दोन बोंबील जास्तीचे टाकले. साहेब खूश होऊन निघून गेले.

मला वाटलं, संपलं. आता यांना कळलं — आणि खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंही वाटलं. मावशी माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, शंकाही नव्हती. त्या मला विचारत होत्या. आपल्या माणसाचं हसणं आठवत नसेल तर ते मलाच विचारायचं, असं आता त्यांना वाटतं.

"बगलास गो? आमचा मालक असाच हसायचा ना?"

मी मावशींच्या नवऱ्याला कधीच हसताना पाहिलेलं नाही. मी हो म्हणाले.